तात्पुरता पत्रा

अहो,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं, हे मलाही माहीत आहे. पण उभ्या संसारात तुम्हाला 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नाही. आता तुम्ही नसताना एकदम 'प्रिय' म्हटलं, तर हे दुसऱ्याच कुणाचं पत्र आहे असं समजून तुम्ही ते बाजूला ठेवाल. म्हणून, अहो.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. काल वळीव झाला. वारा असा सुटला की गच्चीवरची तुमची पत्र्याची शेड उचकटली. वेल्डिंगवाला संतोष आज दुपारपर्यंत येतो म्हणालाय. फोनवर त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, शेड परत बसवायची की काढून टाकायची? तेवढं फिक्स करून ठेवा." ते फिक्स करायला मी सकाळपासून जेवणाच्या टेबलाशी बसले आहे. चहा केला तो तसाच गार झाला.

शेड तुमची. तुम्हाला न विचारता मी उत्तर कसं देऊ? आणि काल त्या शेडने काय करून ठेवलं असतं हे आठवलं की पेन खाली ठेवते आणि परत उचलते. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या.

आठवतं का, ती शेड कधी घातलीत? तुम्ही रिटायर झालात त्या उन्हाळ्यात. गच्ची तापते, खालच्या खोलीची भट्टी होते, म्हणून खांब उभे करून वर पत्रे टाकायचं ठरलं. पूर्वेकडची बाजू संतोषने केली, लोखंडी पट्टीला बोल्ट मारून, अगदी पक्की. मग त्याला धायरी फाट्यावर कुणाचं तरी मोठं काम मिळालं आणि तो जो गेला तो गेलाच. तुम्ही थोडे दिवस वाट पाहिलीत. मग कपडे वाळत घालायची जुनी तार काढलीत आणि पश्चिमेकडची बाजू स्वतःच खांबांना आवळून टाकलीत. वर वजन हवं म्हणून सासूबाईंचा पाटा उचलून पत्र्यावर ठेवलात. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तुम्ही पक्कड खिशात टाकत म्हणालात, "तात्पुरतं."

तेव्हा आपल्या मुग्धाचं लग्नही झालं नव्हतं. आता तिची मुलगी शाळेत जाते.

तुमच्या त्या शब्दावर सगळं घर उभं होतं. टाकीच्या झाकणावर दगड ठेवला, तो तात्पुरता. पन्हळीच्या पाइपला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, ती तात्पुरती. पश्चिमेच्या भिंतीला तडा गेला, त्यात पांढरं सिमेंट भरलं, तेही पुढच्या वर्षी प्लॅस्टर करेपर्यंत. जिन्याच्या खिडकीची काच फुटली तेव्हा कॅलेंडरचा पुठ्ठा लावलात आणि त्या पुठ्ठ्यावरचे गणपती ऊन खाऊन खाऊन पार पांढरे झाले. हडपसरच्या कारखान्यात तुम्ही क्वालिटीच्या खात्यात होतात. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवायचात म्हणे. मी एकदा विचारलं होतं, आपलं घर तुमच्या खात्यात तपासायला पाठवलं तर पास होईल का? पेपरातून डोकं वर न काढता तुम्ही म्हणालात, "पाठवूच नकोस."

पण तुम्ही होतात तोवर मला या घराची कधी भीती वाटली नाही, हेही खरं. वळवाचे दिवस आले की तुम्ही गच्चीवर जायचात, पन्हळीतला पाला काढायचात, त्या तारेला एखादा पीळ जास्त द्यायचात. खाली येऊन हात धुताना म्हणायचात, "झालं." त्या 'झालं'वर मी निर्धास्त असायचे. तो पीळ कुठे द्यायचा, किती द्यायचा, हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत. कशाला सांगाल? तात्पुरतंच होतं ना सगळं.

यंदा चैत्र उतरला आणि दुपारचे ढग यायला लागले. आधी ढग आले की मी दोरीवरचे कपडे काढायचे आणि चहा टाकायचे. यंदा ढग आले की चहा राहतो बाजूला. वारा नुसता खिडकीला लागला तरी मी उठून बसते. इतकी वर्षं मी हे घर आतूनच पाहिलं होतं. ओटा, कपाटं, देव्हारा. बाहेरचं घर तुमच्याकडे होतं. ते एकदा नीट बघावं म्हणून मी फाटक उघडून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. समोरच्या सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "काकू, काही हरवलंय का?" मी म्हटलं, नाही, बघतेय काय काय राहिलंय.

मग एकेक करत गेले. कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवल्या. तुळशीची कुंडी उचलेना, ती ढकलत ढकलत कोपऱ्यात नेली. पन्हळीच्या तोंडाशी कबुतरांनी घर केलं होतं, ते सगळं काड्यापिसांसकट काढलं. टाकीचं झाकण दोरीने बांधून घेतलं. जिन्याच्या खिडकीला काच बसवून घेतली. गणपती मात्र टाकवले नाहीत, ते कपाटात आहेत. भिंतीतल्या तड्यावर बोट फिरवलं तर तुमचं सिमेंट पापुद्र्यासारखं हातात आलं. तोही नीट खणून भरून घेतला. तुम्ही विचारलं असतंत, हे सगळं कुठे शिकलीस? भीतीने शिकले, दुसरं काय.

राहिली ती शेड. तिला हात लावायचं धाडस होईना.

शेड पडेल याची मला फार काळजी नव्हती. पडली तर पडली. काळजी होती ती कुठे पडेल याची. पश्चिमेकडच्या कठड्याखाली बरोबर हिराबाईंचं अंगण येतं. धायरी नुसतं गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं बैठं घर. शेताच्या जागी इमारती आल्या, त्यातल्या एकीत मुलांनी फ्लॅट घेतले, पण बाई तिथून हलल्या नाहीत. आणि उन्हाळाभर त्यांचं वाळवण त्याच अंगणात. बाजेवर जुनं पातळ अंथरायचं, त्यावर कुरडया. बाजूला ताटात सांडगे. ऊन चांगलं पडतं ते नेमकं आपल्या शेडच्या खालच्या पट्ट्यात.

वळवाचे दिवस आणि वाळवणाचे दिवस एकच, हे देवाने कसं काय ठरवलं असेल? वारा सुटला की आपल्या गल्लीत कुणीतरी हाक द्यायचं आणि घराघरातून बाया धावत बाहेर यायच्या. आता दुसरं कुणी वाळवण घालत नाही, सगळं पाकिटातलं येतं. राहिल्या एकट्या हिराबाई. त्यांना तुम्ही गच्चीवरून हाक मारायचात. "हिराबाई!" एवढंच. पुढे काही सांगावं लागायचं नाही. वादळ आलं की सगळं जग आत पळतं आणि आपल्याकडच्या बायका बाहेर पळतात, असं म्हणून तुम्ही हसायचात. काल मला तुमचं ते हसणं आठवलं, पण फार उशिरा.

मी हिराबाईंना आधीच जाऊन सांगितलं होतं. त्या सांडगे घालत बसल्या होत्या.

"हिराबाई, यंदा बाज जरा पलीकडे घ्या. आमच्या पत्र्याचा भरवसा नाही."

"पलीकडं सावली हाय, ताई." मान काही वर केली नाही. "आन् पत्र्याला काय झालंय? तुमच्या मालकांनी बांधलाय त्यो. माझ्या डोळ्यांदेखत बांधलाय."

"म्हणूनच सांगतेय."

त्या हसल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "वारं सुटलं का हाक मारायचे. येक दिस चुकला न्हाई मानूस. आता कोन मारतंय हाक?"

मी म्हटलं, "मी मारीन की."

असं पटकन बोलून गेले. तुमचं एखादं काम माझ्याकडे यावं, असं वाटत असेल मनातून. घरी येईपर्यंत मला बरंही वाटत होतं.

मुग्धाचा रोज फोन. ढग आले की तिचाही जीव खालीवर होतो, फक्त ती हडपसरला बाराव्या मजल्यावर बसून मोबाइलमध्ये ढग बघते. "आई, अलर्ट आलाय बघ. यलो आहे."

"तो रोजच येतो गं."

"मग कशाला राहतेस तिथे? ये ना इकडे. तात्पुरती तरी ये."

मी विचारलं, "तात्पुरती म्हणजे किती?"

"म्हणजे पावसाळा संपेपर्यंत. मग बघू."

तिला अगदी मनापासून तसंच वाटत होतं. वाईट कशाला म्हणू? पण तुमचीच मुलगी ती. पुठ्ठ्याच्या खिडकीशेजारून रोज जिना चढून मोठी झाली, आणि आपल्या घरात तात्पुरतं म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही? आपल्याकडे आजवर तात्पुरतं असं जे जे झालं, ते कायमचं झालं. मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चार साड्या, गोळ्या, चष्म्याची जुनी जोडी, एवढं एका पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली. रोज येता-जाता ती पायात येत होती.

आणि संतोष. "उद्या नक्की, मॅडम. सीझन आहे ना, सगळ्यांच्याच शेडची कामं निघालीत." उद्या झाला की परत उद्या. "टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका, हे सांगायला काही लागतं का हो? रोज दुपारी मी गच्चीवर जायचे आणि तुमच्या तारेला नुसता हात लावून यायचे. पीळ द्यावा का? किती द्यावा? जास्त दिला आणि तुटली तर? एवढं तरी सांगून जायचं होतंत. रागवत नाही, पण सांगायला हवं होतंत.

गेलात तेही तसेच. छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणून दवाखान्यात निघालो. चप्पल घालताना जिन्यातला दिवा फडफडत होता. तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "आल्यावर बघतो." रिक्षात मी विचारलं, ठेवून घेतील का? तुम्ही म्हणालात, "ठेवलं तरी तात्पुरतं." त्यावर मी विश्वास ठेवला. मी तुमचा डबा करायला म्हणून घरी आले आणि तेवढ्यात सगळं संपलं. तो दिवा मी नंतर बदलून घेतला.

तर काल.

जेवण करून जरा आडवी झाले होते. डोळा लागतो न लागतो तोच खोलीतला उजेड गेला. तुम्ही घराची सगळी डागडुजी पश्चिमेला केलीत, कारण पाऊस सिंहगडाकडून येतो. मोसमी पाऊस येतो हो तिकडून. वळीव नाही. तो कात्रजच्या डोंगरामागून उठतो आणि पाठीवर येतो. कालही तिकडूनच आला, काळा ढग आणि त्याच्याखाली तांबडी धूळ. आधी कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या. मग कुणाच्या तरी गच्चीवरची रिकामी बादली रस्त्यावरून गडगडत गेली. आणि मग आपला पत्रा वाजायला लागला.

मी जिना चढून वर गेले. जाऊ नये, हे कळत होतं. पण तो आवाज ऐकत खाली बसवेना. कुणीतरी रागाने परात आपटत राहावी तसा तो पत्रा आपटत होता. जिन्याच्या दाराची कडी धरून मी उभी राहिले. पूर्वेकडचे बोल्ट एकेक करून उपटत होते, संतोषचे पक्के बोल्ट. पाटा पत्र्यावर थडथडत होता, जरा जरा सरकत होता. जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर हिराबाईंची बाज कुरडयांनी भरलेली आणि अंगण रिकामं. बाई आत होत्या. झोप लागली असेल, असं वाटलं. देवा, झोपू देत, असं मी म्हटलंसुद्धा.

आणि मग मला राहवलं नाही. त्या उठल्या तर? बाहेर आल्या तर? त्यांना सांगायला हवं म्हणून मी खिडकी उघडली आणि जीव खाऊन ओरडले, "हिराबाई, बाहेर येऊ नका!"

वाऱ्याने पुढचं सगळं नेलं. खाली पोचलं ते फक्त "हिराबाई".

त्या धावत बाहेर आल्या. येणारच. मीच नव्हतं का सांगितलं, हाक मारीन म्हणून? पदर कमरेला खोचत वर बघितलं, हात केला, "आले, आले" असे ओठ हलताना दिसले. मी दोन्ही हातांनी खुणा करत होते, आत जा, आत जा. त्यांना वाटलं, मी म्हणतेय लवकर उचला. त्या आणखी घाई करायला लागल्या. आजवर इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. दवाखान्यातून फोन आला तेव्हाही नाही, कारण तो येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं होतं. हे माझ्या डोळ्यांसमोर व्हायचं होतं, आणि माझ्याच हाकेने होणार होतं.

पत्र्याची पूर्वेकडची कड सुटली. सगळा पत्रा पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटला आणि कठड्याबाहेर गेला. पाटा त्याच्याही आधी घसरला. मी डोळे मिटून घेतले. खाली आवाज झाला, लाकूड मोडल्याचा. मग नुसता वारा आणि पाऊस. कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं नाही याचीच मला भीती वाटली.

जिना कसा उतरले, फाटक कसं उघडलं, काही आठवत नाही. पावसात तशीच त्यांच्या अंगणात शिरले. बाज मधोमध मोडून पडली होती. पाटा चिखलात उपडा. कुरडयांचा सगळा भुगा. आणि हिराबाई घराच्या दारात उभ्या, सांडग्यांचं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून. ताट दाराजवळ होतं म्हणून त्यांनी आधी ते उचललं होतं. बाजेकडे वळायच्या आतच पाटा आला.

कसंबसं विचारलं, "लागलं का?"

त्या बाजेकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "कुरडया गेल्या." मग माझ्याकडे बघितलं. "मी हाय."

अहो, मी तिथेच चिखलात उभी राहून रडले. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणत होते, रडून घे, मन मोकळं होईल. तेव्हा काही येत नव्हतं. काल आलं. 'मी हाय' असं नुसतं कुणी म्हणावं, एवढंच मला हवं होतं की काय कोण जाणे. हिराबाईंनी माझा दंड धरून मला आत ओढलं. "आदी आत या. वर लोंबतंय त्ये."

तेव्हा मी वर पाहिलं. पत्रा खाली आलाच नव्हता. कठड्यावरून उलटून हिराबाईंच्या अंगणावर लोंबकळत होता, वाऱ्याने भिंतीवर आदळत होता, पण सुटत नव्हता. तुमच्या तारेने धरून ठेवला होता. कपडे वाळत घालायची जुनी तार, तुमच्या हातचा पीळ. आम्ही दोघी दारात उभ्या राहून बघत होतो.

"मालकांची तार हाय ती," हिराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमी हाक मारली म्हनून भायेर आले मी."

"हिराबाई, मी आत जा म्हणत होते."

त्यांनी विचार केला. "मंग तसं म्हनायचं की, ताई."

आता तुम्हीच सांगा, मी तुम्हाला शाबासकी देऊ की बोल लावू? पक्कं होतं ते उडालं आणि तात्पुरतं होतं ते राहिलं. तार तुटली असती तर अख्खा पत्रा त्या बाईवर गेला असता. पण पाटा? सासूबाईंनी जन्मभर ज्यावर चटणी वाटली, तो दगड तुम्ही दुसऱ्याच्या डोक्यावर टांगून ठेवलात आणि आपण सगळे त्याच्याखालून येत-जात राहिलो. तारेचं कौतुक करायला गेले की पाटा आठवतो. पाट्याचा राग करायला गेले की तार आठवते. दोन्ही तुम्हीच.

संध्याकाळी हिराबाईंची मुलं आली. दोर लावून पत्रा गच्चीत ओढून घेतला. तार कापायला पक्कड मागितली, ती मी तुमच्या ड्रॉवरमधून काढून दिली. कापायला त्यांना बराच वेळ लागला. धाकटा म्हणाला, "काकांनी भारीच आवळलीय, काकू." पाटा हिराबाईंनी धुऊन त्यांच्या ओट्याशी लावून ठेवलाय. "पाटा वाटायला असतो," म्हणाल्या, "वर कशाला नेला व्हता?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्याकडे होतं, पण ते एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द मला त्या बाईसमोर उच्चारवेना.

शेड काढून टाकायची. खांबांसकट काढायची. परत बसवली तर मी प्रत्येक ढगाला जिन्याशी जाऊन उभी राहीन, आणि एखाद्या वर्षी हिराबाईंच्या हातात ताट नसेल. मला माहीत आहे मी काय काढतेय. तुमची खुर्ची तिथे होती. संध्याकाळी पाय कठड्याला लावून रेडिओ ऐकत बसायचात, माझा चहा वर यायला उशीर झाला की पत्र्यावर टिचकी मारायचात. तुम्ही गेल्यावर मी घरभर तुम्हाला शोधलं, पण सापडायचात ते तिथेच. आता ती जागा उघडी पडेल. उन्हात पडेल. खालची खोली परत तापेल, तर मी गच्चीला पांढरा रंग देईन. दुसरं काही सुचत नाही.

एक मात्र बरं होईल. शेड गेली की गच्चीवर दिवसभर ऊन येईल. हिराबाईंना जिना चढवत नाही, पण कुरडया चढतील. गव्हाचा चीक त्यांचा, गच्ची आपली, राखण माझी. एवढं सुचलं तशी मघाशी लिहिता लिहिता उठून त्यांना सांगून आले. त्या म्हणाल्या, "आन् वारं सुटलं तर?" मी म्हटलं, वारं सुटलं तर मी एकटी कुरडया उचलीन आणि तुम्ही घरात बसायचं. आणि हाकही ठरवून टाकली. यापुढे वाऱ्यात मी त्यांचं नाव घेणार नाही. नुसतं 'आत' म्हणणार. नावाने हाक मारली की माणूस बाहेर येतो, हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं. तुम्हाला तरी कळलं होतं का?

फाटक वाजलं. संतोष आला असावा. आज खरंच आला बघा.

तर आता शब्द देते आणि उठते. वळवाचे ढग दिसायच्या आधी दर वर्षी मी गच्चीवर जाईन. पन्हळ, टाकी, कठडा, भिंतीचे तडे, सगळं हात लावून बघेन. पूर्वेकडची बाजू आधी बघेन, मग पश्चिम. आपल्या घरातलं काहीही यापुढे हिराबाईंच्या अंगणात पडणार नाही. खाली येऊन हात धुताना 'झालं' म्हणेन, कुणी ऐकायला असो वा नसो. भीती जाणार नाही, ती काही संतोषने काढण्यासारखी नाही. ती राहू दे. ती असली की मी पन्हळ साफ करते.

आणि दाराशी ठेवलेली पिशवी मघाशी हिराबाईंकडून आल्यावर उपसली. साड्या कपाटात गेल्या, गोळ्या डब्यात. मुग्धाचा फोन येईल दुपारी, ढग आले की. विचारेल, आई, किती दिवस राहणार आहेस तिथे एकटी? तिला मी सांगणार आहे, तात्पुरती.

तुमची,
कुंदा